पारा उतरला, पण बर्फ कुठे आहे?

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की मराठी वृत्तवाहिन्यांच्या पडद्याखाली एक पट्टी हमखास सरकू लागते: काश्मीर गारठले, दल सरोवर गोठले. सोबत वल्ह्याने बर्फाचा पापुद्रा फोडत शिकारा पुढे नेणारा नावाडी. ठाण्यापासून नागपूरपर्यंत तिचा अर्थ एकच लावला जातो. तिकडे आता भरपूर बर्फ पडत असणार आणि नाताळच्या सहलीचे पैसे वसूल होणार!

21 डिसेंबर 2024 च्या पहाटे श्रीनगरचे तापमान उणे 8.5 अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. डिसेंबरमधली इतकी थंड रात्र शहराने 50 वर्षांत पाहिली नव्हती. घरांतले नळ गोठले, ते मोकळे करायला लोकांनी पाइपाखाली कागद-काटक्या पेटवल्या, सरोवराच्या कडेने बर्फाची काच धरली. आकाशातून मात्र काहीच पडत नव्हते. ते स्वच्छ, निरभ्र होते आणि थंडी इतकी कडक होण्याचे कारणही तेच होते.

यात गूढ काही नाही. दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता सोडते. वर ढग असले तर त्यातली बरीचशी माघारी येते. आकाश मोकळे असले की ती निघून जाते, आणि डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्याच्या तळाशी जड, थंड हवा साचून राहते. ढग आले की उलटे होते. रात्रीचा पारा वर चढतो, दुपारचा खाली येतो, दोन्हींत फारसे अंतर उरत नाही आणि मग बर्फ पडतो. त्याच डिसेंबरात 27-28 तारखेला हेच घडले. खोऱ्यात एवढा बर्फ झाला की महामार्ग बंद पडला, विमाने रद्द झाली, काझीगुंडच्या बाजूला गाड्यांच्या रांगा अडकल्या. गांदरबल जिल्ह्यातल्या गुंड गावात पंजाबमधून आलेल्या पर्यटकांना रात्री कुठेच जागा मिळेना, तेव्हा गावकऱ्यांनी मशिदीचे दार उघडून त्यांची झोपायची सोय केली. त्या दोन रात्री श्रीनगरचा पारा आठवड्यापूर्वीच्या उणे साडेआठच्या जवळपासही नव्हता.

आता याला एक पोटकलम आहे. बर्फ पडून गेल्यावर आकाश निवळले, तर पांढऱ्या जमिनीवर रात्र आणखी कडक होते. 31 जानेवारी 2021 ला श्रीनगरने उणे 8.8 अंश गाठले, तेव्हा आधीच्या हिमवृष्टीचा थर शहरात होता. म्हणजे एकाच आकड्यामागे भरल्या घरचा हिवाळा असू शकतो किंवा कोरड्या ठणठणीत दुष्काळाची चाहूल. बातमी मात्र दोन्ही वेळी तीच असते: पारा घसरला.

काश्मीरचा हिवाळा थंडीने मोजायची सवय सोडायला हवी. तो बर्फाने मोजायला हवा, आणि बर्फही किती पडला यापेक्षा कोणत्या महिन्यात पडला यावरून.

श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,585 मीटरवर आहे. कळसूबाईचे शिखर 1,646 मीटर. उंचीच्या हिशेबाने पाहिले तर काश्मीरची राजधानी महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकापेक्षा थोडी खालीच बसते. पाण्याचा हिशेब आणखी गमतीचा आहे. श्रीनगरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाणी पडते आणि पुण्याच्या शिवाजीनगर वेधशाळेची सरासरीही त्याच घरातली. फरक आहे तो वेळापत्रकाचा. पुण्याचे बहुतेक पाणी जून ते सप्टेंबरात कोसळून मोकळे होते. काश्मीर खोऱ्याच्या दक्षिणेला पीर पंजालची भिंत उभी आहे, तिच्यापलीकडे मान्सूनचा जोर फारसा पोचत नाही. श्रीनगरचा सर्वाधिक ओला महिना मार्च. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पाऊस होतो, पण कोकणातल्या माणसाने त्याला पाऊस म्हणू नये इतपतच.

हिवाळ्याचे पाणी येते पश्चिमेकडून. भूमध्य समुद्राच्या परिसरात तयार झालेले कमी दाबाचे पट्टे वरच्या थरातल्या जोरदार वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडत हिमालयाला येऊन धडकतात. हवामान खाते त्यांना पश्चिमी झंझावात म्हणते. मराठी शेतकऱ्याला त्यांची ओळख नाही असे नाही, फक्त ती दुसऱ्या टोकाने आहे. झंझावात बर्फ टाकून पुढे सरकला की उत्तरेची कोरडी हवा खाली उतरते आणि निफाडच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांच्या आसपास येतो. मग नाशिक जिल्ह्यात द्राक्षांची फुगवण थांबते, पिकत आलेले मणी तडकतात, आणि बागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून धूर करत बसतो. गुलमर्गला बर्फ पडल्याची बातमी पर्यटनाच्या पानावर जाते, निफाडची शेतीच्या पानावर. हवा एकच असते.

काश्मिरी माणसाचा हिवाळा तीन तुकड्यांत विभागलेला आहे. 21 डिसेंबरपासून 40 दिवस चिल्लई कलान, पुढचे 20 दिवस चिल्लई खुर्द, आणि शेवटचे 10 दिवस चिल्लई बच्चा. आजी-आजोबांच्या बोलण्यातून आलेला हा हिशेब शास्त्राला धरून आहे. चाळीस दिवसांतला बर्फ कोरडा, भुरभुरीत असतो. तो पडतो तेव्हा हवा इतकी थंड असते की वितळायला वाव मिळत नाही. त्याच्यावर दुसरा थर बसतो, मग तिसरा. खालचा दाबून घट्ट होतो. पीर पंजालच्या उतारांवर, कोलाहोईच्या हिमनदीवर, पहलगाम आणि सोनमर्गच्या वरच्या कुरणांवर तो मे-जूनपर्यंत टिकतो, थोडा थोडा पाझरतो, ओढ्यांत उतरतो, झऱ्यांना पोचतो आणि झेलमला उन्हाळाभर चालती ठेवतो. मार्चमध्ये तितकाच बर्फ पडला तरी तो ओला, जड असतो. चार दिवसांत ऊन लागते आणि तो वाहून जातो. भात लावायच्या वेळी त्यातला शेतकऱ्याच्या वाट्याला कितीसा राहणार?

काश्मीरचे सध्याचे दुखणे हेच आहे. बर्फ पडायचा थांबलेला नाही, तो वेळ चुकवू लागला आहे.

2024 चा जानेवारी आठवून पाहावा. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे. तिथली केबल कार दोन टप्प्यांत अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळपास 4,000 मीटरपर्यंत नेते. ऐन चिल्लई कलानमध्ये खालच्या मैदानात पिवळे पडलेले गवत दिसत होते. स्लेज ओढणारी माणसे त्यावर हात चोळत उभी होती. टंगमर्गच्या दुकानांत भाड्याचे गमबूट आणि कोट लटकत राहिले. महिन्याच्या मध्यात श्रीनगरची दुपार 15 अंशांच्या आसपास गेली, त्या दिवसांत दिल्ली आणि जम्मू धुक्यात कुडकुडत होते. बर्फ आला तो महिन्याच्या अखेरीस, चिल्लई कलान उठताना.

पुढच्या वर्षी हिवाळ्याने निराळा खेळ केला. डिसेंबर अखेरीस पडला तेवढा पडला, मग जानेवारी कोरडा गेला. फेब्रुवारी 2025 मध्ये अनंतनाग जिल्ह्यातला अच्छबलचा झरा आटला. जहांगीरच्या काळात ज्या पाण्याभोवती मुघल बाग रचली गेली, ज्यावर आसपासच्या गावांचा पाणीपुरवठा चालतो, त्याच्या जागी दगड उघडे पडले. संगम इथल्या मोजपट्टीवर झेलमची पातळी शून्याखाली गेली. शून्याखाली म्हणजे नदी कोरडी नव्हे, पट्टी जिथून सुरू होते त्याच्याही खाली पाणी. गुलमर्गला 22 फेब्रुवारीपासून होणारे खेलो इंडिया हिवाळी खेळ बर्फाअभावी पुढे ढकलावे लागले आणि 9 मार्चला घ्यावे लागले. मार्चमध्ये बर्फ होता, म्हणजे खेळाडूंची सोय झाली. झऱ्यांची झाली असे म्हणता येत नाही.

काठमांडूस्थित इसीमॉड ही हिमालयाचा अभ्यास करणारी संस्था दरवर्षी जमिनीवर बर्फ किती काळ टिकला याचा आढावा घेते. 2025 च्या आढाव्यात हिंदुकुश-हिमालयातला टिकाव सरासरीपेक्षा 23.6 टक्क्यांनी कमी निघाला, 23 वर्षांतला सर्वात कमी, आणि सलग तिसऱ्या वर्षी उणा. ब्रिटनमधल्या रीडिंग विद्यापीठातल्या संशोधनाने 2024 मध्ये सुमारे 70 वर्षांच्या नोंदींवरून दाखवले की पश्चिमी झंझावातांचा हंगाम लांबत चालला आहे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्येही ते पूर्वीपेक्षा अधिक येऊ लागले आहेत. झंझावात येतच आहेत, फक्त हवा इतकी तापलेली असते की उशिरा आलेल्याच्या पदरातून खालच्या भागात बर्फाऐवजी पाऊस पडतो.

झोजिला खिंडीचा हिशेब यातला सर्वात बोलका. श्रीनगर-लेह रस्त्यावरची सुमारे 3,500 मीटर उंचीवरची ही खिंड. पूर्वी हिवाळ्याच्या सुरुवातीला ती मिटली की एप्रिल-मेपर्यंत लडाखशी रस्त्याने संबंध तुटायचा. 2024 मध्ये ती फक्त 35 दिवस बंद राहिली, 2025 मध्ये 32. सीमा सडक संघटनेच्या माणसांनी बुलडोझर घेऊन तिथल्या बर्फाच्या भिंतींशी कशी झुंज घेतली याचे कौतुक व्हायलाच हवे, ते झालेही. पण खिंड लवकर उघडण्यामागे बर्फ कमी पडल्याचाही हात आहे, ही गोष्ट अभिनंदनाच्या बातम्यांत येत नाही.

बर्फ म्हणजे सगळे मंगलच, असा समज मात्र करून घेऊ नये. फेब्रुवारी 2005 मध्ये दक्षिण काश्मीरमधल्या वालटेंगू नाड या वस्तीवर हिमकडा कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. थंडीशी जुळवून घेण्याची किंमत रोजच्या जगण्यातही मोजावी लागते. फिरन या सैल झग्याच्या आत, पोटाशी धरलेली कांगडी पाहिली की पर्यटक फोटो काढतो. वेताची विणलेली टोपली, तिच्या आत मातीचे भांडे, भांड्यात कोळसा आणि वर राखेचा थर. आग विझत आली की कडेला बांधलेल्या छोट्या उलथण्याने राख सारून निखारा वर आणायचा. हात फिरनच्या बाहीतून आत ओढून घेतलेला, आणि बाही रिकामीच लोंबणारी. कोळशासाठी शरद ऋतूत चिनारची पाने गोळा करून ती जाळून, पाणी शिंपून विझवण्याचा उद्योग बायका करतात. त्या धुराने श्रीनगरची हवा खराब होते म्हणून त्यावर बंदीही येते. वर्षानुवर्षे निखाऱ्याशी सलगी केल्याने मांडीच्या आणि पोटाच्या कातडीवर होणारा कर्करोग वैद्यकशास्त्रात कांगडीच्याच नावाने ओळखला जातो.

स्वयंपाकघराची तयारी तर जुलैपासून चालू होते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पावसाळ्यासाठी वाळवण घालतात, तिथे भर उन्हाळ्यात हिवाळ्यासाठी. वांग्याच्या उभ्या फाकी, दुधीच्या पट्ट्या, टोमॅटो, सलगम, दोऱ्यात ओवून किंवा छतावर पसरून सुकवायचे. मासेही. महामार्ग पंधरा-पंधरा दिवस बंद राहायचा त्या काळातली ही सोय. आता बोगदे झाले आहेत, 6 जून 2025 ला रेल्वे थेट खोऱ्यात पोचली, बाजारात जानेवारीतही ताजी भाजी मिळते. तरी सुक्या वांग्यांना गिऱ्हाईक आहे, कारण चव. वीज मात्र अजून हिवाळ्यालाच बांधलेली आहे. हीटर, गीझर, विजेच्या चादरी सगळे एकदम चालू होतात तो डिसेंबर, आणि नद्यांचे पाणी सर्वात कमी असते तोही डिसेंबर. जलविद्युत केंद्रे रोडावतात, बाहेरून वीज आणावी लागते, भारनियमन सुरू होते. शाळांची मोठी सुटीही तिकडे हिवाळ्यातच असते. मे महिन्याच्या सुटीत मामाच्या गावाला जाणाऱ्या मराठी मुलाला हे सांगून पटत नाही.

वसंत येतो तो बदामाच्या फुलांनी, मार्चच्या मध्यापासून. मग मार्चच्या अखेरीस झबरवान डोंगराच्या पायथ्याचा ट्यूलिप बगीचा उघडतो, तीन-चार आठवडे फुलतो आणि मिटतो. एप्रिल ते जून मराठी पर्यटकांचा हंगाम. परीक्षा संपलेल्या असतात, गावी चाळीस अंशांचा ताप असतो आणि सहलीच्या पत्रकावर पांढरेशुभ्र डोंगर छापलेले असतात. मे महिन्यात श्रीनगरला बर्फ नसतो, पहलगामच्या गावात नसतो, गुलमर्गच्या मैदानातही नसतो. तो बघायला गुलमर्गच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत चढावे लागते, किंवा सोनमर्गहून घोड्यावर थाजिवास हिमनदीकडे, किंवा स्थानिक टॅक्सीने झोजिलाच्या पलीकडे झिरो पॉइंटला. तिथे मॅगी आणि कहवा विकणाऱ्या टपऱ्यांच्या मधोमध काळपट, चिखलाने माखलेला, टायरांनी तुडवलेला एक तुकडा उरलेला असतो. त्यावर भाड्याचे गमबूट घातलेले कुटुंब घसरगुंडी खेळते आणि संध्याकाळी हॉटेलात गाइडशी वाद घालते, की एवढाच बर्फ? चूक कुटुंबाची नाही आणि गाइडची तर नाहीच. मेमध्ये बर्फ विकणाऱ्याची आहे.

उन्हाळा आता खरा उन्हाळा झाला आहे. श्रीनगरचा जुलै साधारण 30 अंशांचा समजला जातो. 28 जुलै 2024 ला तिथे 36.2 अंश नोंदले गेले, प्राथमिक शाळा दोन दिवस बंद ठेवाव्या लागल्या. 5 जुलै 2025 ला 37.4, सात दशकांत शहराने न पाहिलेला आकडा. (सर्वोच्च विक्रम 10 जुलै 1946 चा, 38.3.) ज्या घरांची रचनाच उष्णता आत धरून ठेवण्यासाठी झाली, छत पत्र्याचे, खिडक्या लहान, पंख्याला हूकही नाही, त्या घरांत 37 अंश म्हणजे काय हे विदर्भातल्या माणसाला कूलरच्या गारव्यात बसून कळणार नाही. अशा उन्हाळ्यात वरचा बर्फ अधिक लवकर उतरतो. 2018 च्या वसंतात उत्तर काश्मीरमधल्या शेतकऱ्यांना पाटबंधारे खात्याने सांगितले होते की यंदा पाणी पुरणार नाही, भात लावू नका. हिवाळा कोरडा गेला होता, त्याची वसुली अशी झाली. भातखाचरे बुजवून सफरचंदाच्या बागा लावण्याकडे कल वाढण्यामागे पैसा आहे, तशी पाण्याची ही बेभरवशाची गतही आहे.

आणि मान्सून पोचत नाही म्हणावे, तर कधी कधी तो पोचतोही. सप्टेंबर 2014 च्या पहिल्या आठवड्यात मान्सूनची ओल आणि पश्चिमेचा झंझावात एकमेकांना भिडले, झेलमने काठ सोडला आणि श्रीनगर दुसऱ्या मजल्यापर्यंत बुडाले.

महाराष्ट्राच्या बाजारपेठांशी खोऱ्याचा सर्वात जवळचा संबंध येतो तो हरुदमध्ये, म्हणजे तिकडच्या शरदात. देशातल्या सफरचंदांपैकी सुमारे तीन चतुर्थांश काश्मीरची. सोपोर आणि शोपियांच्या फळमंड्यांतून निघालेल्या पेट्या वाशीच्या आणि पुण्याच्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येतात. 2025 च्या ऑगस्ट अखेरच्या अतिवृष्टीने जम्मू-श्रीनगर महामार्ग उधमपूरजवळ खचला, तेव्हा हजारो ट्रक वाटेत अडकून पेट्यांतच फळ सडले. सप्टेंबरच्या मध्यात बडगामहून दिल्लीला सफरचंदांसाठी पार्सल गाडी सुरू करावी लागली.

तरीही बागायतदाराला पावसापेक्षा अवेळी बर्फाची धास्ती अधिक. 3 नोव्हेंबर 2018 ला तो असा पडला की अजून झाडांवर पाने होती, काही ठिकाणी फळेही. निष्पर्ण फांदीवर बर्फ टेकतो आणि घसरून जातो. पानांनी भरलेल्या फांदीवर तो साचतो, ओला असल्याने चिकटतो, वजन वाढत जाते. फांदी आधी वाकते, मग बुंध्यातून जिथे दोन मोठ्या फांद्या फुटतात तिथेच झाड उभे फाटते. शोपियां-पुलवामाच्या बागांत त्या रात्री माणसे काठ्या घेऊन झाडे हलवत फिरत होती. सकाळी फाटलेले बुंधे दोऱ्यांनी आवळायचे, कुठे आरपार बोल्ट मारून जोडायचे काम सुरू झाले. सफरचंदाचे झाड भरघोस फळावर यायला दहा-बारा वर्षे घेते. पुढच्याच वर्षी, 7 नोव्हेंबर 2019 ला पुन्हा तेच. ज्या हिमवृष्टीचे व्हिडिओ आपल्याकडे ‘मोसमातला पहिला बर्फ’ म्हणून हौसेने एकमेकांना पाठवले गेले, तिच्याखाली हे चालले होते. केशराची तऱ्हा वेगळी. पांपोरच्या पठारावर ऑक्टोबरच्या अखेरीस फुले येतात, ती किती येतील हे ऑगस्ट-सप्टेंबरातल्या दोन-तीन सरींवर अवलंबून. त्या चुकल्या की कंद फुलायलाच मागत नाही.

एवढे सगळे पाहिल्यावर मागणे फार मोठे नाही. हवामानाच्या बातमीत श्रीनगरचा पारा छापायचा तर शेजारी बर्फाचा आकडाही छापावा: गुलमर्ग, पहलगाम, काझीगुंडला गेल्या 24 तासांत किती पडला, हंगामात आतापर्यंत किती, सरासरीच्या किती कमी किंवा जास्त. हवामान खात्याचे श्रीनगर केंद्र यातला बराचसा तपशील जाहीर करतेच. तो उचलायला वेगळा वार्ताहर पाठवावा लागत नाही. हा आकडा नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराच्याही उपयोगाचा आहे, कारण पुढच्या दोन-तीन दिवसांत थंडी खाली उतरणार की नाही याची कुणकुण त्यातूनच लागते.

सहली विकणाऱ्यांनी महिनावार खरे सांगावे. जानेवारीच्या उत्तरार्धात आणि फेब्रुवारीत गुलमर्गला बर्फ मिळण्याची शक्यता सर्वात जास्त, तीही हमी नव्हे. मार्चमध्ये बर्फ खाली ओला, वर चांगला. एप्रिल फुलांचा. मे-जून कुरणांचा आणि ओढ्यांचा. ऑक्टोबर चिनारचा, आणि जाणकारांचे मत विचाराल तर सर्वात देखणा. ‘बर्फाची हमी’ हे शब्द पत्रकावरून काढले, तर मेमधल्या गाइडच्या डोक्याचा ताप तरी कमी होईल.

हिवाळ्यातल्या सहलींबाबत आणखी एक काम राहून जाते. संरक्षण संशोधन खात्याची चंदीगडमधली डीजीआरई ही संस्था हिवाळ्यात जिल्हावार हिमकड्यांच्या धोक्याचा इशारा देते, बारामुल्ला, गांदरबल, कुपवाडा, बांदीपुरा असा नावानिशी. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येते आणि सोनमर्ग गांदरबलमध्ये. 1 फेब्रुवारी 2023 ला अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीपटू आणि 22 फेब्रुवारी 2024 ला खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन स्कीपटू हिमकड्याखाली गेला. मराठी पर्यटक त्या उतारांवर स्की करत नाही, पण स्लेजवाल्याला चार पैसे जास्त देऊन ‘जरा पुढे घेऊन चल’ म्हणतो, आणि तो नाही म्हणू शकत नाही, कारण जानेवारी कोरडा गेलेला असतो. सहलीआधी कानटोपी, हातमोजे, थर्मल यांची यादी प्रत्येक प्रवाशाच्या फोनवर जाते. त्याच फोनवर रोज सकाळी तो इशारा मराठीत चार ओळींत पाठवायला सहल कंपनीला फारसा खर्च येणार नाही.